नवं धनुष्य, जुनं अंतर

फोन बदलायचा की अजून एक वर्ष रेटायचं, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी सोडवलेला असतो. पैसे आपले, हौस आपली आणि निर्णय फसला तर हळहळही आपलीच. शेजारच्याने फार तर ‘कशाला एवढा महाग घेतलास?’ म्हणावं. त्यामुळे या प्रश्नाला आपण नैतिक वगैरे म्हणत नाही. तो खिशाचा प्रश्न असतो.

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणाऱ्यांपुढे दरवर्षी असाच एक प्रश्न येतो. विस्कॉन्सिन राज्याचं उदाहरण घेऊ. तिथे सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरच्या सुमारास, हंगाम ऐन रंगात असतानाच, धनुष्य बनवणाऱ्या कंपन्या पुढच्या वर्षाची मॉडेल जाहीर करू लागतात. आणखी वेगवान, आणखी शांत, हातात आणखी स्थिर. घरातलं धनुष्य तीन-चार वर्षांचं झालेलं असतं आणि नीट चालत असतं. मग नवं घ्यायचं का?

वरवर पाहता हाही खिशाचाच प्रश्न. पण या व्यवहारात एक तिसरा जीव आहे. धनुष्य कसं आहे, माणसाचा हात किती बसलाय, तो किती अंतरावरून बाण सोडायचं ठरवतो, या सगळ्याचा शेवट हरणाच्या अंगावर होतो. बाण फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. तोच बाण वीतभर मागे, पोटात लागला तर मरायला कित्येक तास लागतात, आणि ते तास ते कुठल्या तरी झुडपात काढतं. अपग्रेडच्या निर्णयाची किंमत अशी कुणा दुसऱ्याला मोजावी लागत असेल, तर तो निर्णय कसा घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शिकार मुळात योग्य की अयोग्य, हा वाद मी इथे मिटवायला घेत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्यासाठी तो प्रश्न रोजच्या जगण्यातून जवळपास बाहेर गेला. अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. पूर्वेकडच्या बऱ्याच भागांतून लांडगे आणि प्यूमा नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम काही लाख उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज तीन कोटींच्या आसपास असावीत, असा अंदाज सांगितला जातो. शिकार परवान्यावर चालते, तारखा ठरलेल्या असतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला, आणि १९७० च्या दशकात धनुष्यबाणही त्या कराखाली आले. धनुष्यावर हा कर ११ टक्के आहे. तो भरतो उत्पादक, पण शेवटी तो किमतीत येतोच. म्हणजे नवं धनुष्य घेणारा माणूस जंगलासाठीही थोडे पैसे देतो.

हे सगळं मान्य केलं, तरी मचाणावर बसलेल्या माणसाचा प्रश्न शिल्लक राहतोच. तो शिकार करणार आहे, हे धरून चालू. त्याचं साधन बदललं की त्याची जबाबदारी कशी बदलते?

चाकांनी काय दिलं

साध्या धनुष्याची दोरी जसजशी मागे ओढावी तसतशी ती जड होत जाते. सगळ्यात जास्त भार येतो तो पूर्ण ताणल्यावर, म्हणजे नेमका नेम धरायच्या क्षणी. तिथे फार वेळ थांबता येत नाही. हात थरथरायला लागतो आणि बाण सुटतो किंवा सोडावा लागतो.

१९६६ मध्ये मिसूरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन या माणसाने एका वेगळ्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळालं. धनुष्याच्या दोन्ही टोकांना त्याने चाकं बसवली होती, आणि त्यांचा आस मधोमध नव्हता, मुद्दाम एका बाजूला सरकवलेला होता. आजच्या कंपाऊंड धनुष्यातले कॅम हे त्या चाकांचेच वंशज. त्यांची करामत अशी, की ओढताना मधल्या टप्प्यावर पूर्ण भार जाणवतो, पण कॅम फिरून पुढे गेले की भार एकदम उतरतो. याला लेट-ऑफ म्हणतात. समजा धनुष्य ७० पौंडांचं आहे, म्हणजे जवळपास ३२ किलोंचं, आणि लेट-ऑफ ८० टक्के आहे. तर पूर्ण ताणून धरलेल्या शिकाऱ्याच्या बोटांवर फक्त १४ पौंड उरतात, म्हणजे साधारण साडेसहा किलो.

याचा अर्थ त्याला वेळ मिळाला. हरीण झाडाआड गेलं तर तो थांबू शकतो. ते तिरकं उभं असेल तर वळायची वाट पाहू शकतो. मन बदललं तर दोरी हळूच परतही नेऊ शकतो. जुन्या धनुष्यावर जे बाण घाईने सुटले असते, त्यांतले काही आता सुटतच नाहीत. ॲलनच्या चाकांनी दिलेली ही सवलत शिकाऱ्याइतकीच हरणाच्याही फायद्याची होती.

तरीही वाद झालाच. धनुष्याच्या शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबने बरीच वर्षं ६५ टक्क्यांपेक्षा जास्त लेट-ऑफच्या धनुष्याने केलेली शिकार आपल्या नोंदवहीत घेतली नाही. पुढे नियम सैल झाला, पण अशा नोंदीपुढे तारांकन आलं. बाहेरच्या माणसाला हा टक्क्यांचा हट्ट हास्यास्पद वाटेल. पण त्यामागची शंका खरी आहे. साधन इतकं सोपं करत नेलं, तर धनुष्य घेऊन जंगलात जाण्याला अर्थ काय राहिला?

दोन नीती, एकच बाण

धनुष्याच्या शिकारीत दोन नैतिक आग्रह एकत्र नांदतात, आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही.

पहिला आग्रह न्याय्य पाठलागाचा. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबपासून ही कल्पना अमेरिकेत रुजली. प्राण्याला निसटायची खरी संधी असली पाहिजे, माणसाने आपली ताकद स्वतःहून आवरली पाहिजे, असा तिचा गाभा. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यानेही शिकारीवरच्या आपल्या चिंतनात जवळपास हेच मांडलं आहे. माणसाने आपलं सगळं सामर्थ्य वापरलं, तर ती शिकार उरत नाही, नुसता संहार उरतो.

दुसरा आग्रह स्वच्छ मरणाचा. मारायचंच असेल तर झटकन, कमीत कमी वेदनेने. जखमी करून सोडू नये.

आता या दोन्हींना धनुष्याच्या दुकानात आणून उभं करा. पहिला म्हणेल, साधं लाकडी धनुष्य घे. दुसरा म्हणेल, सगळ्यात अचूक आहे ते घे. आणि दुसऱ्याचंच शेवटपर्यंत ऐकत गेलात, तर तो तुम्हाला धनुष्याच्या दुकानातूनच बाहेर काढेल आणि रायफलच्या दुकानात नेईल. हरणाची वेदना एवढाच निकष असेल, तर धनुष्याचं समर्थन करणं फार कठीण आहे. दुर्बीण लावलेली रायफल सरावलेल्या हातात बाणापेक्षा जास्त भरवशाची असते.

हा आक्षेप धनुष्यवाल्यांनी टाळू नये. कारण हातात धनुष्य घेतानाच त्यांनी काम अवघड करून घेतलेलं असतं. खेळात असं करायला हरकत नसते. क्रिकेटमध्ये कुणी ठरवलं की आपण फक्त डाव्या हाताने खेळायचं, तर फार तर तो लवकर बाद होईल. इथे मात्र स्वतःवर घातलेल्या बंधनाचा भुर्दंड दुसऱ्याला पडू शकतो. शिकाऱ्याची अडचण वाढली, की हरणाची जखम वाढायचा धोकाही वाढतो.

मग धनुष्याच्या बाजूने काय बोलता येईल? मला एकच उत्तर पटतं, आणि ते जवळिकीचं आहे. धनुष्य माणसाला जवळ जायला भाग पाडतं. वारा कुठून येतोय, हरणांची वाट कुठली, ओकची फळं कुठे पडलीत, हे कळल्याशिवाय वीस यार्डांवर हरीण येत नाही. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी. वीस यार्डांवर त्याचा कान हललेला दिसतो, पाय कसे ठेवलेत ते दिसतं, ते सावध आहे की निवांत हेही कळतं. इतक्या जवळून, पुरेसं माहीत असताना सोडलेला बाण भरवशाचा असू शकतो.

अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीची सुरुवातही अशीच झाली. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीतला शेवटचा म्हणून ओळखला गेलेला इशी जंगलातून बाहेर आला. विद्यापीठातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य शिकले. पोप अँड यंग क्लबच्या नावातले पोप ते हेच. दूरच्या फळीवर नेम धरण्यात इशी काही फार मोठा नव्हता, असं पोप यांनी नोंदवलं आहे. त्याची कमाल होती सावजाच्या अगदी जवळ पोचण्यात, आणि तिथून न चुकण्यात.

थोडक्यात, धनुष्याचं नैतिक समर्थन अंतरावर उभं आहे. अंतर कमी आहे म्हणून भरवसा आहे, आणि भरवसा आहे म्हणून धनुष्य चालवून घेता येतं. आता अपग्रेडकडे परत वळू. कारण अपग्रेड नेमका या अंतरालाच हात घालतं.

बर्लिनमधलं वर्तुळ आणि कान असलेलं लक्ष्य

कंपाऊंड धनुष्य आपल्याला अनोळखी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघं याच प्रकारच्या धनुष्यावर विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. म्हणजे ५० मीटरवरच्या आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात १५ पैकी १५ बाण.

मग विस्कॉन्सिनमधल्या, बऱ्यापैकी सराव असलेल्या शिकाऱ्याने ५० मीटरवरून बाण का सोडू नये? हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग तर ओजसच्या वर्तुळापेक्षा कितीतरी मोठा असतो, एखाद्या ताटलीएवढा, साधारण वीस सेंटिमीटरचा.

कारण बर्लिनच्या लक्ष्याला कान नव्हते. बाण सुटताना धनुष्याचा आवाज होतो, आणि तो बाणापेक्षा तिपटीहून जास्त वेगाने जातो. दचकलेलं हरीण उडी मारायला आधी पाय मुडपतं, म्हणजे त्याचं अंग खाली जातं. जिथे नेम धरला ती जागा बाण पोचेपर्यंत तिथे नसते. दरवेळी असं होतंच असं नाही, पण होतं.

थोडं गणित करून पाहू. शिकाऱ्याचं जुनं धनुष्य बाण सेकंदाला २७० फूट वेगाने फेकतं, आणि नवं २९० फूट. हवेचा विरोध सोडून देऊ. आवाज पोचल्यावर हरणाला हलायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि मग त्याचं अंग मोकळं सोडल्यासारखं खाली येतं, असं धरू. ही माझी गृहीतकं आहेत, पण तुलनेसाठी पुरेशी आहेत.

वीस यार्डांवर, जुन्या धनुष्याचा बाण पोचेपर्यंत हरीण सुमारे सव्वादोन सेंटिमीटर खाली गेलेलं असेल. नव्या धनुष्याने, त्याच अंतरावर, दीड सेंटिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे सुधारणा झाली, पण जुन्यानेही बाण ताटलीच्या मधोमधच लागला असता.

आता तोच शिकारी नव्या धनुष्याच्या भरवशावर चाळीस यार्डांवरून बाण सोडतो. हरीण वीस सेंटिमीटरहून जास्त खाली गेलेलं असेल. मध्यावर धरलेला नेम ताटलीच्या पार बाहेर. बाण पाठीच्या वरच्या भागात लागेल किंवा वरून निघून जाईल.

वेग वाढल्याने जे मिळालं ते सेंटिमीटरच्या आत होतं. अंतर वाढवल्याने जे गेलं ते त्याच्या वीस पटींहून जास्त होतं. वेगवान बाणाचे खरे फायदे आहेत, ते नाकारायला नकोत. त्याचा मार्ग कमी वाकतो, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी तो सांभाळून घेतो. पण हे सगळे फायदे अंतर तेवढंच ठेवलं तर हरणापर्यंत पोचतात. अंतर वाढवलं की शिकारी ते स्वतःकडे वळवून घेतो, आणि वर हरणाकडून थोडं उसनंही घेतो.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आपण हेच करतो. गाडीचे ब्रेक चांगले असले की पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं सोडून आपण वेग वाढवतो. सुरक्षिततेसाठी म्हणून मिळालेली सूट घाईत खर्च होते. प्रत्येक सुधारणेत काही शिल्लक मिळते, आणि ती कुणाच्या खात्यावर जमा करायची हे वापरणाराच ठरवतो. बहुतेक वेळा ते त्याने ठरवलंय हे त्यालाही कळत नाही.

दशरथाचं कौशल्य

आपल्याकडे याच प्रश्नाची एक फार जुनी गोष्ट आहे. श्रावणबाळाची. ती आपल्याला मातृपितृभक्तीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण धनुर्धाराच्या बाजूने वाचली तर ती वेगळीच दिसते.

तरुण दशरथ पावसाळ्यातल्या एका रात्री शरयूच्या काठी शिकारीला गेला होता. त्याला शब्दवेधी बाण सोडता येत होता, म्हणजे लक्ष्य न बघता, नुसत्या आवाजावर. पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज आला. त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय. बाण सुटला आणि बरोबर लागला.

या गोष्टीत नेम चुकलेला नाही. दशरथाचं कौशल्य शंभर टक्के यशस्वी झालं. अनर्थ झाला तो त्याला जितकं माहीत होतं त्याच्या पलीकडे त्याचा बाण पोचू शकत होता म्हणून. ज्याला शब्दवेध येत नाही, त्याला अंधारात थांबावंच लागलं असतं, उजाडायची वाट पाहावी लागली असती किंवा जवळ जाऊन बघावं लागलं असतं. विद्येने त्याची ती अडचण दूर केली, आणि त्या अडचणीतच खरं तर शहाणपण होतं.

साठ यार्डांवर हरणाचा कान दिसत नाही. मध्ये आलेली काडी दिसत नाही, आणि ती बाणाला वळवायला पुरेशी असते. रेंजफाइंडर अंतर सांगतो, पण हरीण पुढच्या अर्ध्या सेकंदात पाऊल टाकणार आहे का, हे सांगत नाही. आता तर अंतर मोजून नेमाचा ठिपका आपोआप दाखवणाऱ्या साइटही मिळतात, आणि त्या चालू द्यायच्या की नाही यावर वेगवेगळ्या राज्यांचे वेगवेगळे नियम आहेत. पोच वाढते, समज तिथेच राहते. दोन्हींमधला तो पट्टा म्हणजे आजच्या शिकाऱ्याचा शरयूकाठ.

मग निवडायचं कसं

असं असलं तरी, ‘नवं काही घेऊच नका’ हे उत्तर चुकीचं आहे. काही वेळा नवं धनुष्य घेणं हे कर्तव्यच असतं.

पहिली बाब मापाची. धनुष्य अंगाला बसलं पाहिजे. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर इंचांत मोजायचं आणि अडीचने भागायचं. साधारण तेवढी आपली ड्रॉ लेंथ. हातांचा विस्तार ७० इंच असेल तर २८. मित्राने दिलेलं किंवा सवलतीत मिळालेलं ३० इंचांचं धनुष्य या माणसाच्या हातात कधीच स्थिर राहणार नाही. ते बदलायला हवं, कितीही नवं असलं तरी.

दुसरी बाब भाराची. खुर्चीत बसून, धनुष्य समोर आडव्या रेषेत धरून दोरी सरळ मागे ओढता आली पाहिजे. ओढताना हात आभाळाकडे न्यावा लागत असेल, तर भार झेपत नाही. हंगामाच्या थंडीत, जाड कपड्यांत, तीन तास न हलता बसल्यावर तो आणखी जड वाटतो. बऱ्याच राज्यांत हरणासाठी किमान भार ठरलेला आहे, बहुतेक ठिकाणी ३० ते ४० पौंडांच्या दरम्यान. खांदा दुखावलेल्या किंवा वय झालेल्या माणसाने ७० पौंडांचा हट्ट सोडून ५० पौंडांचं, जास्त लेट-ऑफचं धनुष्य घेतलं, तर हे अपग्रेड हरणाच्याच बाजूचं आहे.

तिसरी बाब जाहिरातीतल्या वेगाची. ‘सेकंदाला ३४० फूट’ हा आकडा ७० पौंड भार, ३० इंच ड्रॉ लेंथ आणि ३५० ग्रेन वजनाचा हलका बाण धरून काढलेला असतो. आपला भार ६० पौंड, ड्रॉ लेंथ २८ इंच आणि शिकारीचा बाण ४२० ग्रेनचा असेल, तर तो वेग आपला नव्हेच. शिवाय वेगासाठी अनेकदा मूठ आणि दोरी यांच्यातलं अंतर कमी केलेलं असतं, आणि असं धनुष्य हाताची लहानशी चूकही बाणापर्यंत पोचवतं. शांत, माफ करणारं, जरा संथ धनुष्य बहुतेकांसाठी जास्त प्रामाणिक असतं.

चौथी बाब पैशांची, आणि ती मला महत्त्वाची वाटते. आजचं वरच्या श्रेणीचं धनुष्य नुसतंच साधारण १,२०० ते १,८०० डॉलरला पडतं. सगळ्या साहित्यासह मिळणारं साधं धनुष्य ४०० ते ७०० डॉलरमध्ये येतं. स्वच्छ मरण हे महागड्या धनुष्यानेच देता येतं, असं एकदा मान्य केलं की नीतीही दुकानात विकायला येते, आणि गरीब शिकारी आपोआप कमी नैतिक ठरतो. पण मघाचं गणित उलटं सांगतं. सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट अंतर आहे, आणि ती फुकट आहे. दहा वर्षांचं धनुष्य घेऊन पंधरा यार्डांवर थांबणारा माणूस नवंकोरं धनुष्य घेऊन पन्नास यार्डांवर मोह न आवरणाऱ्यापेक्षा हरणाशी कितीतरी बरा वागतो. त्यानंतरच्या गोष्टीही स्वस्त आहेत. धार लावलेलं पातं, दर दोन-तीन वर्षांनी नवी दोरी, थोडा जड आणि म्हणून थोडा शांत बाण, आणि सराव.

कुणी बघत नसताना

‘मी लांबून सराव करतो, त्यामुळे जवळचा नेम सोपा होतो,’ असं शिकारी म्हणतात, आणि ते खरं आहे. साठ यार्डांवर सराव करावा आणि वीसवर शिकार. अडचण फक्त एवढीच, की सरावाच्या मैदानावर साठ यार्डांचे सुंदर बाण पाहिलेल्या माणसाला मचाणावर ते आठवतात. दिवस मावळत आलेला असतो, रजा संपत आलेली असते, आणि मोठ्या शिंगांचं हरीण पंचेचाळीस यार्डांवर उभं असतं.

त्या क्षणी तिथे पंच नसतो, प्रेक्षक नसतात. विस्कॉन्सिनमध्ये शिकवणारा आणि स्वतः धनुष्य घेऊन जंगलात जाणारा आल्डो लिओपोल्ड याने शिकारीचं हेच वेगळेपण सांगितलं होतं. शिकाऱ्याच्या वागण्यावर टाळ्या वाजवायला किंवा हरकत घ्यायला कुणी नसतं, त्याचा न्याय त्यालाच करावा लागतो. १९४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी आलेल्या पुस्तकात त्याने उपकरणांच्या बाजाराबद्दलही चिंता व्यक्त केली आहे. साधनं माणसाच्या अंगच्या कसबाला मदत करण्याऐवजी त्याची जागा घेऊ लागली आहेत, अशी त्याची तक्रार होती. तेव्हा ॲलनच्या चाकांना अजून वीस वर्षं अवकाश होता.

एकट्याने घ्यायच्या निर्णयाची एक खोड असते. तो मोहाच्या क्षणी घेतला की प्रत्येक वेळी त्याला एक चांगलं कारण सापडतं. वारा नाहीये, हरीण निवांत आहे, धनुष्य तर नवीन आहे. म्हणून तो आधी घेऊन ठेवावा लागतो, हरीण समोर नसताना आणि दुकानाची पिशवी हातात नसताना.

त्यासाठी एक साधी रीत आहे. उन्हाळ्यात महिनाभर रोज एकच बाण मोजायचा, दिवसाचा पहिला. अंग गरम झालेलं नाही, हात बसलेला नाही, अशा वेळचा. मचाणावरही तोच एक मिळतो. दहापैकी नऊ दिवस हा पहिला बाण ज्या अंतरावरून ताटलीएवढ्या वर्तुळात लागतो, ते त्या माणसाचं अंतर. ते पंधरा यार्ड असेल, पंचवीस असेल. सावजाला कान असतात, म्हणून त्यातूनही थोडं कमी करायचं, आणि जो आकडा उरेल तो धनुष्याच्या मुठीवर खडूने लिहायचा.

मग नोव्हेंबर येईल, नवी मॉडेल येतील. परवडत असेल आणि मन होत असेल तर जरूर नवं घ्यावं. ते जास्त शांत असेल, हाताला जास्त बसेल, दोरी ताणून आणखी दहा सेकंद थांबता येईल. फक्त जुन्या मुठीवरचा आकडा नव्या मुठीवर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, आणि निदान पहिला हंगाम तरी तो बदलू नये.